न्यूट्रल तार : मंदिराच्या वीजव्यवस्थेतील दुर्लक्षित दुवा

॥ श्री ॥



मंदिराचे मुख्य वीज-पॅनेल, त्यातील न्यूट्रलची व्यवस्था आणि अर्थिंग यांचे काम नव्याने करून घेण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळ येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवीत आहे. प्रस्ताव सभासदांकडे गेल्यापासून अनेकांनी एकच विचारणा केली : दिवे लागतात, पंखे फिरतात, बिलही वेळेवर भरले जाते, मग एवढा खर्च कशासाठी? एका ज्येष्ठ सभासदांनी तर असे विचारले की, ज्या तारेला टेस्टर लावला तरी दिवा लागत नाही, त्या तारेसाठी भाविकांचा पैसा का वेचावा?

प्रश्न रास्त आहे. सचिव या नात्याने त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर असून विजेचे शास्त्र शिकलेलो नाही. तथापि गेल्या काही काळात परवानाधारक अभियंत्यांबरोबर बसून जे समजून घेतले, ते सोप्या शब्दांत येथे मांडीत आहे. ज्यांना हे आधीच ठाऊक आहे त्यांनी विस्ताराबद्दल क्षमा करावी.

प्रसंग कोणता घडला

२०२३ च्या शारदीय नवरात्रातील एका सायंकाळची ही गोष्ट. आरतीची वेळ होती, सभामंडप भाविकांनी भरला होता. एकाएकी गाभाऱ्यासमोरील दिवे मंदावले आणि त्याच क्षणी प्रदक्षिणामार्गावरील दिवे डोळे दिपतील इतके प्रखर झाले. काही क्षणांतच ध्वनिवर्धकाच्या अँप्लिफायरमधून धूर निघू लागला, कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणारे यंत्र बंद पडले आणि एल.ई.डी. दिव्यांची एक संपूर्ण ओळ निकामी झाली. याच सुमारास आपल्या एका वयोवृद्ध सेवेकऱ्यांनी पाणपोईवरील वॉटर कूलरच्या नळाला हात लावला, आणि विजेचा जोराचा धक्का बसून ते मागे फेकले गेले. जवळच उभ्या असलेल्या एका तरुणाने प्रसंगावधान राखून मेन स्विच बंद केला. सेवेकऱ्यांना तपासून डॉक्टरांनी त्याच रात्री घरी पाठविले. ईश्वरकृपेने थोडक्यात निभावले.

दुसऱ्या दिवशी अभियंत्यांनी पॅनेल उघडले, तेव्हा तिन्ही फेजच्या तारा सुस्थितीत आढळल्या. बाहेरून येणारा पुरवठाही निर्दोष होता. दोष निघाला तो न्यूट्रलच्या पट्टीवरील एका स्क्रूमध्ये. अनेक वर्षांत तो कोणी कसला नव्हता. अॅल्युमिनियमची तार तेथे सैल होऊन वारंवार तापली, काळी पडली आणि उत्सवाचा भार येताच जळून सुटली.

दुसरा दोष कूलरच्या सॉकेटमध्ये होता. २०१८ मध्ये कूलरला हात लावल्यास मुंग्या येतात अशी तक्रार आली होती. त्या जागेपर्यंत अर्थिंगची तार कधी ओढलेलीच नव्हती. तेव्हा मिस्त्रीने सॉकेटच्या आतच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून दिली. मुंग्या थांबल्या, तक्रारही मिटली. त्या कामाचे बिल अगदी किरकोळ होते आणि त्यावर मंजुरीची सही माझी आहे. काम स्वस्तात झाले याचेच त्या वेळी समाधान वाटले. त्या स्वस्ताईची किंमत पाच वर्षांनी एका वृद्ध सेवेकऱ्यांना मोजावी लागली असती, ही जाणीव हा लेख लिहिण्यामागे आहे.

तीन फेज आणि न्यूट्रल म्हणजे काय

आपल्या परिसरातील ट्रान्सफॉर्मरकडे ११,००० व्होल्ट दाबाची वीज येते आणि तेथून ती कमी दाबाने आपल्याकडे पाठविली जाते. मंदिरात चार तारा येतात : तीन फेजच्या आणि चौथी न्यूट्रलची. रूढ पद्धतीप्रमाणे फेज तारांचे रंग लाल, पिवळा व निळा असतात, न्यूट्रलचा काळा आणि अर्थिंगचा हिरवा. कोणतीही एक फेज आणि न्यूट्रल यांमध्ये सुमारे २३० व्होल्ट दाब असतो. दिवे, पंखे, ध्वनिवर्धक इत्यादी सर्व नेहमीची उपकरणे याच दाबावर चालतात. मात्र दोन फेजांमध्ये हा दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. मोठे पंप अशा तिन्ही फेजांवर चालतात.

आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिन्ही फेजांची लय एकच असते, पण प्रत्येक फेज आधीच्या फेजच्या एक-तृतीयांश आवर्तन मागे चालते. एकाच तालाचे आवर्तन तीन टाळकऱ्यांनी तृतीयांश आवर्तनाच्या अंतराने सुरू करावे, तसा हा प्रकार आहे. एका फेजमधील प्रवाह ऐन भरात असतो, तेव्हा उरलेल्या दोन फेजांमधील प्रवाह उलट दिशेला असतात. त्यामुळे तिन्ही फेजांवर अगदी सारखा भार असेल, तर एकीकडून आलेला प्रवाह दुसऱ्या दोघींतून परत जातो आणि न्यूट्रलमध्ये काहीच उरत नाही.

भार असमान असला की उरलेली तफावत न्यूट्रलला वाहून न्यावी लागते. काही उदाहरणे पाहावीत :

– तिन्ही फेजांवर प्रत्येकी २० अँपिअर : न्यूट्रलमध्ये शून्य.
– ३०, २० व १० अँपिअर : न्यूट्रलमध्ये सुमारे १७ अँपिअर.
– एका फेजवर ३० अँपिअर व इतर दोन फेज रिकाम्या : न्यूट्रलमध्ये पूर्ण ३० अँपिअर.

दुसऱ्या उदाहरणातील १७ हा आकडा साध्या बेरीज-वजाबाकीने येत नाही, कारण तिन्ही फेजांची वेळ वेगवेगळी आहे. परंतु मथितार्थ स्पष्ट आहे. टेस्टर लावल्यावर दिवा लागत नाही, याचा अर्थ न्यूट्रलचा जमिनीच्या तुलनेत दाब जवळजवळ शून्य आहे, एवढाच. तिच्यातून प्रवाह वाहत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ त्या एकच मानण्यात आहे.

न्यूट्रल तुटल्यावर उपकरणे का जळतात

फेजची तार तुटली तर त्या फेजवरील दिवे जातात, एवढेच होते. न्यूट्रल तुटली तर दिवे जात नाहीत. उलट काही अधिक प्रखर होतात. हीच गोष्ट धोक्याची आहे, कारण वीज 'चालू' असल्याचे पाहून कोणी सावध होत नाही.

असे का होते, ते हिशेबाने पाहू. समजा, लाल फेजवर स्वयंपाकघरातील २३०० वॅटचा पाणी तापविण्याचा हीटर आहे, पिवळ्या फेजवर दिवे व ध्वनिवर्धक मिळून २३० वॅटचा भार आहे, आणि निळी फेज त्या वेळी रिकामी आहे. न्यूट्रल शाबूत असताना दोघांनाही आपापले २३० व्होल्ट मिळतात. न्यूट्रल तुटली की परतीचा मार्ग बंद होतो. आता लाल फेजमधून निघालेला प्रवाह हीटरमधून जाऊन, तेथून दिवे व ध्वनिवर्धक यांच्यामधून पिवळ्या फेजकडे जातो. म्हणजे ही दोन्ही उपकरणे एकामागे एक जोडली जाऊन दोन फेजांमधील ४०० व्होल्टच्या दाबाखाली येतात. या ४०० व्होल्टची वाटणी त्यांच्या रोधाच्या प्रमाणात होते. लहान भाराचा रोध मोठ्या भाराच्या दसपट आहे. त्यामुळे हीटरच्या वाट्याला जेमतेम ३६ व्होल्ट येतात आणि दिवे व ध्वनिवर्धकाच्या वाट्याला सुमारे ३६४ व्होल्ट.

यावरून ध्यानात येईल की, न्यूट्रल तुटल्यास ज्या फेजवर भार कमी, तिच्यावरील उपकरणे जळतात. सहसा तीच नाजूक व महाग असतात. साधा फ्यूज किंवा एम.सी.बी. येथे उपयोगी पडत नाही, कारण ती साधने प्रमाणाबाहेर वाढलेला प्रवाह ओळखतात, वाढलेला दाब ओळखत नाहीत.

आणि याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. वरील उदाहरणात तुटलेल्या जागेपासून आतल्या बाजूची संपूर्ण न्यूट्रल जमिनीच्या तुलनेत सुमारे २०० व्होल्टवर जाते. जी तार सर्वांनी निर्धोक मानलेली असते, तीच मंदिरभर जिवंत होते. आपल्या कूलरची अर्थिंगची पिन सॉकेटमध्ये न्यूट्रलला जोडलेली होती. त्यामुळे तो दाब थेट कूलरच्या पत्र्यावर व नळावर आला. न्यूट्रल शाबूत होती तोवर ती जोडणी निरुपद्रवी भासली, आणि ती तुटताच प्राणघातक ठरली.

न्यूट्रल आणि अर्थिंग एक नव्हेत

ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीशी जोडलेली असते, हे खरे. म्हणून कित्येक मिस्त्री दोन्ही तारा एकच समजतात आणि न्यूट्रल न सापडल्यास अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरतात, किंवा अर्थिंग नसल्यास न्यूट्रलचे अर्थिंग करतात. दोन्ही प्रकार वर्ज्य आहेत.

न्यूट्रल हा विजेचा रोजचा परतीचा रस्ता आहे. त्यावरून प्रवाह सदैव जात असतो. अर्थिंग हा संकटकाळचा रस्ता आहे. उपकरणाच्या आत फेजची तार पत्र्याला लागली, तर तो प्रवाह माणसाच्या शरीरातून न जाता त्या रस्त्याने जावा व पुरवठा तत्काळ तुटावा, हा त्याचा हेतू. हा रस्ता इतर वेळी पूर्ण रिकामा असला पाहिजे. मंदिराच्या आत या दोन तारा कोठेही एकमेकींना जोडू नयेत, हा नियम सर्व सभासदांनी पक्का ध्यानात ठेवावा.

दुसरा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच कधीही बसवू नये. फ्यूज जळला की न्यूट्रल तुटल्यासारखेच होते. तोडायची असेल तर न्यूट्रल तिन्ही फेजांसह एकाच वेळी तुटेल असाच स्विच वापरावा लागतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत हे बंधन होते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांतही ते आहे. आपल्या जुन्या पॅनेलमध्ये फेजांच्या शेजारी न्यूट्रलसाठीही चिनी मातीचा एक फ्यूज आढळला. तो किती वर्षे तेथे होता कोणास ठाऊक! अभियंत्यांनी तो त्याच दिवशी काढून त्या जागी न्यूट्रलची सलग जोडणी करून दिली.

मीटर काय मोजतो आणि काय मोजत नाही

या बाबतीत भाविकांमध्ये अनेक समज प्रचलित आहेत. सगळा भार एका फेजवर घेतल्यास बिल कमी येते, असे कोणी म्हणतात. न्यूट्रलमधून जाणारी वीज मीटर धरीत नाही, असे दुसरे कोणी म्हणतात. दोन्ही समज चुकीचे आहेत.

फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे ब्लाँदेल यांनी १८९३ मध्ये एक सिद्धान्त मांडला. वीज जितक्या तारांतून येते त्यांपैकी एक सोडून उरलेल्या तारांवर मापक बसविले, तर संपूर्ण ऊर्जेचा अचूक हिशेब लागतो, असे तो सांगतो. चार तारांपैकी तिघींचा प्रवाह आणि न्यूट्रलच्या तुलनेत त्यांचा दाब मोजला, की चौथीसाठी वेगळे मापन लागत नाही. म्हणूनच आपल्या थ्री फेज मीटरमध्ये तीन मापक असतात. प्रत्येक फेजमधून गेलेली ऊर्जा ते मोजतात आणि तिघांची बेरीज युनिटांच्या रूपाने दिसते. एका युनिटाचा अर्थ एक किलोवॅट भार एक तास चालविणे. गेल्या काही वर्षांत इंदुरात पुष्कळ ठिकाणी स्मार्ट मीटर बसले. त्यांचा आकडा दुरून वाचता येतो, पण मोजण्याचे मूळ तत्त्व हेच आहे.

आता भार कसा वाटला याचा बिलाशी काय संबंध, ते पाहू. दिवे व हीटर यांसारखा साधा भार धरला, तर तिन्ही फेजांवर प्रत्येकी १० अँपिअर एक तास चालले तरी ६.९ युनिटे होतात, आणि तोच ३० अँपिअरचा भार एकट्या फेजवर चालला तरी ६.९ युनिटेच होतात. मीटरच्या दृष्टीने फरक नाही. पण तारांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहाचा वर्ग शंभर. तीन फेजांचे मिळून तीनशे, आणि न्यूट्रल रिकामी. उलट तीसचा वर्ग नऊशे, आणि तितकाच प्रवाह न्यूट्रलमधून परत येत असल्याने तिचे आणखी नऊशे, म्हणजे एकूण अठराशे. एकाच कामासाठी तारांमध्ये सहापट उष्णता! ही उष्णता मीटरच्या पुढील तारांमध्ये होते, म्हणून तिची युनिटेही आपल्याच बिलात येतात. रक्कम मोठी नसते. परंतु सैल स्क्रू तापतो आणि आवरण वितळते ते याच उष्णतेने.

मीटरला स्वतःलाही न्यूट्रलची जोडणी लागते, कारण तिच्याच तुलनेत तो प्रत्येक फेजचा दाब मोजतो. केवळ मीटरची जोडणी सुटून बाकीची न्यूट्रल चालू राहिली, तर नोंद चुकू शकते. ही जोडणी मोहोरबंद असते व तिला हात लावण्याचा अधिकार फक्त वितरण कंपनीच्या कर्मचाऱ्यांस आहे. मोहोर तुटलेली दिसल्यास कोणीही परस्पर काही न करता कार्यालयात कळवावे.

उसनी न्यूट्रल : हिशेबाचा आणि जिवाचा प्रश्न

आपल्या आवारात मंदिराचे थ्री फेज कनेक्शन आहे आणि भक्तनिवासाच्या दोन खोल्यांना वेगळे सिंगल फेज कनेक्शन आहे. तपासणीत असे आढळले की, अंगणातील दिव्यांची फेज मंदिराच्या पॅनेलमधून येते, पण न्यूट्रल मात्र जवळ पडते म्हणून भक्तनिवासातून घेतली आहे. हे कधी व कोणी केले, याची नोंद नाही.

याचे तीन परिणाम होतात. पहिला हिशेबाचा. सिंगल फेजच्या अनेक इलेक्ट्रॉनिक मीटरांत फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांमधील प्रवाह मोजला जातो आणि दोहोंत तफावत दिसल्यास जो अधिक असेल त्यावर नोंद होते. वीजचोरी रोखण्यासाठी ही सोय असते. अंगणातील दिव्यांचा प्रवाह भक्तनिवासाच्या न्यूट्रलमधून परत जात असल्याने, त्या दिव्यांची वीज मंदिराच्या मीटरवर एकदा आणि भक्तनिवासाच्या मीटरवर पुन्हा, अशी दोनदा नोंदली जाऊ शकते. शिवाय मीटर ती संशयास्पद घटना म्हणून टिपून ठेवतो. देवाच्या दारी हिशेब चोख असावा, अशी आपली अपेक्षा असते. येथे कोणाच्याही मनात काही नसताना हिशेब बिघडला होता.

दुसरा परिणाम सुरक्षेचा. भक्तनिवासाचा मेन स्विच बंद करून कारागीर काम करू लागला, तरी अंगणातील दिवे चालू असतील तर त्यांचा प्रवाह त्या 'बंद' न्यूट्रलमधून येत राहतो. त्याने ती तार सोडवली की सुटलेल्या टोकावर पूर्ण दाब येतो. सर्व काही बंद आहे असे मानून त्याने तिला हात लावला तर काय होईल, हे सांगावयास नको.

तिसरा परिणाम आर.सी.सी.बी. या सुरक्षा-स्विचवर होतो. हा स्विच गेलेला व परत आलेला प्रवाह यांचा सतत ताळा घेत असतो. थ्री फेजमध्ये तो चारही तारांची एकत्रित बेरीज पाहतो. भार कितीही असमान असो, चौघींची बेरीज शून्यच आली पाहिजे. ती आली नाही, तर प्रवाह कोठेतरी गळतो आहे, कदाचित एखाद्या माणसाच्या शरीरातून जमिनीत जात आहे, असे समजून तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. मनुष्याच्या रक्षणासाठी ३० मिलीअँपिअरचा म्हणजे एका अँपिअरच्या सुमारे तेहेतिसाव्या भागाचा स्विच वापरतात. न्यूट्रल उसनी असेल तर ताळा कधीच जुळत नाही आणि हा स्विच वारंवार पडतो. मग कोणीतरी कंटाळून तो काढूनच टाकतो. २०२१ मध्ये आपल्याकडे नेमके हेच घडले. दोष न्यूट्रलचा होता आणि शिक्षा पहारेकऱ्याला झाली.

एल.ई.डी. दिवे आणि 'साडेतीन कोअर' केबल

पूर्वी केबल घेताना न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक घेत. कारण तिच्यात केवळ तफावतच वाहणार, असे गृहीत धरले जाई. बाजारात अशा केबलला 'साडेतीन कोअर' म्हणतात : तीन तारा पूर्ण, चौथी अर्धी. आपली मुख्य केबल अशीच आहे. तिच्या फेज तारा ३५ चौरस मिलिमीटरच्या आहेत आणि न्यूट्रल १६ ची.

एल.ई.डी. दिवे, संगणक, कॅमेरे, चार्जर यांच्यामुळे हे गृहीतक बदलले. ही उपकरणे वीज अखंड घेत नाहीत, प्रत्येक आवर्तनात घोट घोट घेतात. त्यातून मूळच्या ५० आवर्तनांबरोबर तिप्पट वेगाची, म्हणजे १५० आवर्तनांची एक लय निर्माण होते. मघाच्या टाळकऱ्यांचे उदाहरण घेतले, तर मूळ ठेका तिघांचा वेगवेगळ्या वेळी पडतो व परस्परांत मिटतो, पण ही तिप्पट लय तिघांचीही एकाच वेळी पडते. ती मिटत नाही, न्यूट्रलमध्ये साचत जाते. असा भार फार असेल, तर तिन्ही फेज समतोल असूनही न्यूट्रलचा प्रवाह फेजपेक्षा अधिक होऊ शकतो. त्याची तात्त्विक मर्यादा सुमारे १.७ पट आहे. एल.ई.डी. मुळे आपला एकूण वापर घटला आणि ते दिवे सोडण्याचे काहीच कारण नाही. परंतु नवी केबल घेताना न्यूट्रल फेजइतकीच जाड, म्हणजे पूर्ण चार कोअरची घ्यावी, असा अभियंत्यांचा स्पष्ट सल्ला आहे.

जनरेटरविषयी थोडेसे

वीज गेल्यावर जनरेटरकडे वळविणारा आपला चेंजओव्हर स्विच तीनच फेज बदलतो. न्यूट्रल दोन्हीकडे कायमची जोडलेली राहते. त्यामुळे जनरेटर व बाहेरचा पुरवठा यांच्या न्यूट्रल एकमेकींत मिसळतात. त्याऐवजी चार पोलचा स्विच बसविणे योग्य. त्यात न्यूट्रलचा संपर्क सर्वांत आधी जुळतो व सर्वांत शेवटी सुटतो. जनरेटरच्या न्यूट्रलला स्वतःचे अर्थिंगही असले पाहिजे.

प्रस्तावित कामे

१. नवीन मुख्य पॅनेल. त्यात पूर्ण जाडीची न्यूट्रल पट्टी, आणि अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या पट्टीला जोडताना दोन्ही धातूंना चालणारे लग.
२. पूर्ण चार कोअरची मुख्य केबल.
३. मंदिर व भक्तनिवास यांच्या न्यूट्रल पूर्णतः वेगळ्या करणे.
४. प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थिंगची स्वतंत्र तार. पाणपोई, स्वयंपाकघर व अंगण यांसाठी ३० मिलीअँपिअरचे आर.सी.सी.बी.
५. दाब प्रमाणाबाहेर वाढल्यास अथवा घटल्यास पुरवठा आपोआप तोडणारे संरक्षक उपकरण. न्यूट्रल तुटल्यास हेच उपयोगी पडते.
६. चार पोलचा चेंजओव्हर स्विच.
७. तिन्ही फेजांवर भाराची नव्याने समान वाटणी व तिचा आराखडा पॅनेलच्या दारावर लावणे.

सर्व काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करविले जाईल. यापुढे चैत्र व शारदीय नवरात्र, गणेशोत्सव आणि आषाढी एकादशी यांच्या आधी प्रत्येक वेळी न्यूट्रलचे स्क्रू तपासून, तिन्ही फेज व न्यूट्रल यांतील प्रवाह मोजून त्याची नोंद वहीत केली जाईल. सजावटीच्या दिव्यांचा भार कोणत्या फेजवर घ्यावयाचा, हे मंडप-कंत्राटदाराने कार्यालयास विचारूनच ठरवावे.

भाविक व सेवेकरी यांस सूचना

काही दिवे अकारण मंद व काही अकारण प्रखर दिसू लागल्यास, पंख्यांचा वेग एकाएकी बदलल्यास, तो न्यूट्रलचा दोष समजावा. एकेक बटण बंद करीत बसू नये. एकेक उपकरण बंद केल्याने उरलेल्यांवरील दाब आणखी वाढू शकतो. सरळ मेन स्विच बंद करावा. तो सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर असून त्यावर लाल अक्षरांत पाटी लावली आहे. कूलर, रेलिंग, पंप अशा धातूच्या वस्तूंना स्पर्श करू नये. कोणास धक्का बसत असल्यास त्याला हाताने ओढू नये. आधी पुरवठा बंद करावा. तसे करणे अशक्य असेल तरच कोरड्या लाकडाने त्याला वेगळे करावे व त्वरित वैद्यकीय मदत मिळवावी. वस्तूला हात लावल्यावर मुंग्या येणे ही किरकोळ तक्रार नव्हे. ती लेखी नोंदवावी, आणि दुरुस्तीत नेमके काय केले हेही लेखी मागावे. २०१८ मध्ये मी ते मागितले नव्हते.

शेवटी एक विनंती

संगमरवरी फरशी, चांदीची प्रभावळ, सभामंडपातील झुंबर यांसाठी देणगीदार आपणहून पुढे येतात आणि त्यांची नावे आपण आदराने कोरतो. न्यूट्रल तारेवर कोणाचे नाव कोरता येत नाही. ती भिंतीआड राहणार, आणि तिचे काम उत्तम झाले तर कोणाला काहीच जाणवणार नाही. त्या सायंकाळी धक्का बसलेले आपले सेवेकरी आजही पहाटे काकड आरतीच्या आधी येऊन पाणपोई स्वच्छ करतात. मात्र कूलरला हात लावण्यापूर्वी ते अजूनही क्षणभर थांबतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यांना पुन्हा निःशंकपणे हात लावता यावा, एवढ्यासाठी हा खर्च आहे.

सभासदांनी सभेस अवश्य उपस्थित राहून प्रस्तावावर विचारविनिमय करावा. अंदाजपत्रक व तपासणीचा अहवाल कार्यालयात सायंकाळच्या आरतीनंतर पाहावयास मिळेल. शंका असल्यास निःसंकोच विचाराव्यात.



आपला नम्र,
सचिव
(विश्वस्त मंडळाकरिता)